मावशीचा फोन मी हातात घेतला

हे मी लिहिणारच नव्हती. अनुपमा मॅडमनं कॉलेजच्या अंकासाठी मले एक पान देलं होतं, विषय 'मोबाइलच्या रोजच्या सोप्या टिप्स'. म्हणे, काजल, तू आख्ख्या वर्गात फास्ट टाइप करते, तुले काय, अर्ध्या तासाचं काम. अन् खरंच तेवढंच होतं. अक्षरं मोठी कशी करायची, मराठी कीबोर्ड कसा आणायचा, फोन भरला तर काय काढायचं, अकरा टिप्स मी बसल्या बैठकीत लिहून टाकल्या. बारावी होती, 'मेसेजवर एकच टिक आली म्हणजे काय समजायचं?' अन् तिथं माहे हात थांबले. माहे हात कधी थांबत नाहीत. तीन दिवस फाइल उघडली का बंद, उघडली का बंद. चौथ्या दिवशी सगळ्या टिप्स पुसल्या अन् हे लिहून राह्यली. मॅडम, तुमच्या टिप्स यातच आहेत, फक्त शोधाव्या लागतीन.

आमच्या देऊळघाटले, आमच्या घरापासून चार घरं सोडून, केसरमावशी राहते. केसरबाई. शाळेत खिचडी शिजवते, वीस वर्षं झाली असतीन. मी पण तिच्याच हातची खाल्ली. जी पोरं आज मिशा घेऊन गाडीवर फिरतात त्यायले ती अजून रस्त्यात थांबवून म्हणते, "काऊन बे, वाटाणे काढून फेकत होता न तू? आता कसा हॉटेलात पैसे देऊन खाते?" तिचा नवरा लवकर गेला. एकच पोरगी, समता. समताताई हुशार होती, अकोल्याले शिकाले गेली अन् तिथंच नऊ वर्षांआधी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. तेव्हापासून मायलेकी बोलत नव्हत्या. एवढं गावात सगळ्यायले माहीत. का बोलत नव्हत्या, हे मले माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. मी कोणालेच पुरतं काही विचारत नाही, अर्धं ऐकलं का माहं पुढचं सुरू.

मागच्या जूनमध्ये मावशी आमच्या घरी आली. हातात भाच्यानं देलेला जुना मोबाइल, कोपऱ्यातून तडकलेला, स्वतः शिवलेल्या कापडी पिशवीत. म्हणे, "काजे, मले यात लिवाचं शिकव."

"लिवाचं कायले मावशी, फोन लाव न सरळ."

"नाही वं. लिवाचंच आहे."

झालं असं होतं, आमच्या गावचा संघर्ष नावाचा पोरगा शेगावले एका लॉजवर कामाले आहे. त्याले समताताई स्टेशनवर दिसल्या, नवऱ्यासंग दर्शनाले आल्या होत्या. सातवा महिना. त्यानं नंबर मागून आणला अन् मावशीले देला. आता आमच्याकडे पह्यलं बाळंतपण माहेरीच होते. पोरगी सासरी कितीही सुखात असो, पह्यल्या खेपेले आईच्याच घरी. तेल, शेक, खसखशीची खीर, सव्वा महिना आईच्या हाताखाली. बोलणं नसो, लग्न मान्य नसो, पण बाळंतपण नाही केलं तर ते आईले जन्मभर लागते. मावशीले समताले बोलवायचं होतं. दोन महिने हातात होते. बस, एवढंच.

आता मावशीले वाचता येते हे खूप लोकायले माहीत नाही. खिचडी वाटून, भांडी घासून झाली का ती पहिलीच्या वर्गाच्या दारात बसायची, पोरायसंग अ आ इ गिरवायची. पोरं हसायची. ती म्हणे, "हसा, तुमच्या ताटात एक पळी कमी टाकतो उद्या." अशी दोन वर्षं बसली अन् वाचाले शिकली. कायले शिकली, तेही मी तेव्हा विचारलं नाही.

तर मी शिकवाले बसली. 'शिकवाले' म्हणायची मले लाज वाटते. पह्यले अक्षरं मोठी करून देली. सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट साइज, शेवटपर्यंत ओढायचं. हे मी तीन सेकंदात केलं, तिले दिसलंच नाही मी कुठं कुठं बोट लावलं. मंग मराठी कीबोर्ड आणला. मंग तिच्या हातात फोन देला. तिनं अंगठ्यानं दाबलं, कागदावर अंगठा लावतात तसं, जोर देऊन. काही उमटेना. मी म्हणली, मावशी, जोर नको लावू, नुसतं टेकव. तिनं टेकवलं. तरी उमटेना. वीस वर्षं चुलीवरची गंजं, मोठाली पातेली, उतरवून तिच्या बोटाची कातडी अशी सुकून गेली आहे का काचेले ते बोट आहे हेच समजत नाही. (यावर उपाय सोपा आहे, बोट जरासं ओलं करून पुसायचं अन् टेकवायचं. मले तेव्हा हे सुचलं नाही. तिनंच नंतर शोधून काढलं, पदराचं टोक ओलं करून जवळ ठेवायची.)

अर्ध्या घंट्यात तिनं लिहिलं, 'मी आ'.

बाहेर माह्या मैत्रिणीनं गाडीचा हॉर्न वाजवला. आम्हाले बुलढाण्याले जायचं होतं, काही महत्त्वाचं नव्हतं, एकीचा वाढदिवस. मावशी 'ई' शोधून राह्यली होती. तिकडं स्क्रीन बंद पडली. ती म्हणे, "मी एक अक्षर शोधते तवरीक हे झोपी जाते." दुसरा हॉर्न. अन् मी म्हणली, "दे मावशी इकडं, काय लिहायचं ते सांग."

"नाही वं, मीच..."

"अवो दे न! एका मिनिटाचं काम."

फोन मी हातातून घेतला. ओढलाच म्हणा. ती म्हणे, "लिव का मी आई, बाळंतपणाले घरी ये." बस, एवढी ओळ होती. मी बारा ओळी लिहिल्या. 'प्रिय समता' पासून सुरू केलं, आईचं काळीज, मायेची ऊब, झालं गेलं विसरून जा, खाली फुलं, जोडलेले हात, लाल बदाम. एक मिनिटही लागलं नाही. पाठवला. अन् वरून तिले वाचून दाखवला.

मावशी म्हणे, "मी असं कुठी म्हणलं वं?"

"मावशी, असं भारी वाटते. शिकलेली पोरगी आहे न ती."

दोन टिक आल्या, निळ्या झाल्या. वर दिसलं, ती टाइप करून राह्यली. मी खुश. मले वाटलं पाहा, आपण जमवलं. अन् उत्तर आलं. फोन माह्याच हातात होता. मले ते पाठ आहे:

'छान लिहिलंय. मागच्या वेळी काकांनी लिहून दिलं होतं, तू खाली सही केली. या वेळी कोणाकडून लिहून घेतलं? तुले स्वतःले काही म्हणायचं असेल त्या दिवशी बोलू. तोपर्यंत राहू दे.'

अन् माह्या डोळ्यासमोर तिचा फोटो गेला. गोल होता तो, निळ्या साडीतला, मावशी त्याच्यावरून रोज बोट फिरवायची. तिथं नुसती राखाडी बाहुली राह्यली. तिनं ब्लॉक केलं.

आता मी काय केलं ते सांगते, त्याच्यासाठीच तर हे लिहून राह्यली. मावशी बाजूलेच बसली होती, तिले वाचता येते. मेसेजवर बोट दाबून धरलं का वर कचऱ्याचा डबा येते. मी डबा दाबला. समताताईचं उत्तर पुसलं.

"काय म्हणे वं?"

"काही नाही मावशी. पाह्यलं तिनं. बोलेल मंग. कामात असन."

"अन् फोटू कुठी गेला?"

"काढला असन, लोकं बदलत राहतात."

अन् मी वाढदिवसाले गेली. केकचा फोटोही टाकला.

त्या रात्रीपासून मले चैन नव्हतं, म्हणून मी दर रविवारी मावशीकडे जायले लागली अन् खरंच शिकवाले बसली. पापाची भरपाई म्हणा. या वेळी फोन तिच्याच हातात. माह्या मांडीखाली माहे हात दाबून बसायची मी, एवढी खाज सुटायची बोटाले. स्क्रीन झोपू नये म्हणून वेळ दहा मिनिटं करायची असते, डिस्प्लेमध्येच खाली असते ते, तिनं स्वतः केलं. तिनं एक वही केली, पहिलीतल्या पोरानं टाकून देलेली, अर्धी कोरी. त्यात चित्रं काढायची. तीन टिंबं म्हणजे 'तीन मोहऱ्या, इथं सगळं लपलेलं रायते'. भाषा बदलायचा तो गोल म्हणजे 'टरबूज'. पाठवायचा बाण म्हणजे 'पाखरू, याले दाबलं का उडालं, मंग वापस येत नाही'. बोलून टाइप करायचा माइक म्हणजे 'पळी'.

मी म्हणली, "मावशी, पळी दाबून बोल न, आपोआप लिहून होते."

"मंग त्यानं लिवलं, मी नाही."

कीबोर्डवर शब्द सुचतात न वर, आपण एक अक्षर लिहिलं का तीन शब्द? तिले त्याचा लय राग. "हे काऊन मधात बोलते? मी विचारलं का त्याले?" ते पण बंद करून घेतलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सुचवण्या बंद करता येतात. मले आजवर कोणी बंद करणारं भेटलं नव्हतं.

अन् एका रविवारी तिनं स्वतः, पूर्ण, कोणाची मदत न घेता लिहिलं, 'मी आई'. पाखरू दाबलं. एक राखाडी टिक आली. तिचं तोंड असं फुललं, म्हणे, "पाय! बरोबर आलं!"

मले आधी समजलंच नाही. मंग समजलं. शाळेत सर वहीवर बरोबरची खूण करतात न, तशीच दिसते ती. मावशीले वाटलं, फोननं तिचं लिहिलेलं तपासलं अन् बरोबर देलं.

मंग तीच म्हणे, "पण तू लिवलं तवा दोन बरोबर होते. माह्याले एकच काऊन?"

टीप अशी आहे. एक टिक म्हणजे मेसेज आपल्या फोनमधून गेला, पण समोरच्याच्या फोनवर पोचला नाही. त्याचा फोन बंद असन, नेट नसन. पण लय दिवस एकच टिक राहत असन, अन् फोटोही गायब असन, तर बहुतेक त्यानं तुम्हाले ब्लॉक केलं. हे मले दहावीपासून माहीत आहे. मी म्हणली, "नेट नसन मावशी तिकडं."

अकोल्याले नेट नसन! मावशीनं मानलं. मी सांगतलं म्हणून मानलं.

ती रोज लिहायची. खिचडी वाटून झाली का शाळेच्या पायरीवर बसून एक ओळ. रोज एक बरोबर. जुलै गेला, ऑगस्ट आला. मले समताताईचा नंबर पाठ होता. माह्या फोनवरून एक मेसेज, ताई, तो मीच लिहिला होता, आई आता खरंच लिहून राह्यली, एवढंच पाठवायचं होतं. दोन महिन्यात मी तो कितीदा टाइप केला अन् कितीदा पुसला, माह्याच कीबोर्डले माहीत. जगात कोणालेही काहीही एका मिनिटात लिहिणारी मी. दर रविवारी वाटे पुढच्या रविवारी सांगू. मंग परीक्षा आल्या अन् मी रविवारही सोडले.

दिवाळीच्या सुट्टीत गेली तर मावशी अंगणात बसून झबलं शिवत होती. पिवळं, मऊ, जुन्या लुगड्याचं. म्हणे, "संघर्ष सांगे, पोरगी झाली समताले. ऑगस्टमंदी. दवाखान्यातून घरीच गेली." तिचा सूर असा होता जसं दुसऱ्याच्या घरचं सांगते. मंग फोन काढला, माह्यासमोर धरला. पह्यल्यांदा मी तिचे सगळे मेसेज वाचले. शंभराच्या वर असतीन.

मी आई
मी सोता लिवते
तू ये
खोली सारवली
तेल घाणीवरून आनलं
किती दीस रायले
मी येऊ का
पोरगी झाली मने
कोणावर गेली

सगळ्याच्या बाजूले एक एक टिक.

"एवढं बरोबर लिवते वं मी," मावशी म्हणे, "तरी बोलत काऊन नाही ती?"

मंग मले नाही राहवलं. रडतच सगळं सांगतलं. उत्तर आलं होतं ते, मी पुसलं ते, टिकचं, फोटोचं, नेटचं, सगळं. मावशीच्या हातातली सुई तशीच राह्यली. मंग म्हणे, "तिनं काय लिवलं होतं? जसंच्या तसं सांग."

मी सांगतलं. 'या वेळी कोणाकडून लिहून घेतलं.'

तवा मावशीनं मले ते सांगतलं जे मी नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. समताच्या लग्नाची बातमी आली तेव्हा मावशीच्या दिरानं, म्हणजे समताच्या काकानं, माणिकरावनं, एक कागद लिहून आणला. म्हणे वयनी, सही कर, पोरीले आशीर्वाद लिवला. मावशीले तवा फक्त सही करता येत होती. तिनं केली. कागदात लिहिलं होतं, तू आम्हाले मेली, या दारात पाय ठेवू नको. कागदात काय होतं हे तिले वर्षानंतर दुसऱ्याकडून समजलं. माणिकराव तवरीक वारलेही. म्हणून ती पहिलीच्या दारात बसली. म्हणून तिले फोन लावायचा नव्हता. "लिवून तुटलं होतं न वं. लिवूनच जोडाचं होतं. सोताच्या हातानं."

मी नुसती रडून राह्यली होती.

"म्हंजे तिनं वळखलं," मावशी एकदम म्हणे. "त्या बारा ओळीत मी नाही हे तिनं वळखलं. माही पोरगी हुशारच आहे." अन् हसली. मंग माह्याकडे पाहून म्हणे, "माणिकरावाले बी अशीच घाई होती बाप्पा. 'कर सही, गाडी सुटते,' म्हणे."

याच्यापेक्षा तिनं माह्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणली, मावशी, उद्याच जाऊ अकोल्याले, मी येते सोबत, मी सगळं सांगते ताईले. ती म्हणे, "तू नोको येऊ. तू आलीस का मंग पुन्हा तूच बोलशीन."

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. देऊळघाटवरून बुलढाणा, तिथून अकोल्याची एस.टी. पत्ता संघर्षनं मेसेजमध्ये टाकला होता, तो तिनं स्वतः वाचला, रिक्षावाल्याले फोन दाखवला नाही, वाचून सांगतला. पिशवीत झबलं, ती चित्रांची वही अन् फोन. मी दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होती. शेवटच्या गाडीनं आली.

काय झालं ते तिनं थोडंच सांगतलं. दार समतानं उघडलं. लय वेळ दारातच उभी राह्यली. मंग आत घेतलं, चहा देला. पोरगी मांडीवर देली. मावशीनं फोन काढून समोर ठेवला. समतानं सगळे मेसेज वरून खालपर्यंत वाचले. वही पाह्यली, तीन मोहऱ्या, टरबूज, पाखरू. अन् म्हणे, "आई, दवाखान्यातून आल्यावर तेल लावाले एक बाई ठेवली होती. ती यायची तवा दार वाजायचं. मले रोज वाटे, तू आली."

मावशीनं मले एवढं सांगतलं अन् म्हणे, "जाय आता घरी. तुही माय वाट पाहत असन."

आता सगळं गोड झालं असं मले लिहिता आलं असतं. माह्या बोटाले ते येते, फुलं अन् बदाम टाकून. पण तसं नाही झालं. समताताईनं नंबर मोकळा केला. मावशीच्या ओळीले आता दोन टिक येतात. उत्तर कधी 'हो' येते, कधी 'बरं', कधी चार चार दिवस नाही येत. नऊ वर्षांचं आहे, ते हळूहळूच जाईन. पण तो सव्वा महिना गेला. सारवलेली खोली तशीच राह्यली, घाणीवरचं तेल मावशीनं शेजारच्या एका बाळंतिणीले देऊन टाकलं. पह्यलं बाळंतपण एकदाच येते, ते पुसून पुन्हा टाइप करता येत नाही. अन् ते माह्यामुळं गेलं. एका वाढदिवसाच्या केकपायी.

मावशी मले रागावली नाही. अजून खायले बोलावते. फक्त मी घरात शिरली का तिचा हात आपोआप फोनवर जाते अन् ती तो उचलून उशीखाली ठेवते. तिच्या ध्यानातही नसन. माह्या ध्यानात आहे.

हे लिहायच्या आधी मी तिले विचारलं. या वेळी विचारलं. म्हणे, "लिव. पण माह्या तोंडी असं काही नोको टाकू जे मी म्हणलं नाही." मावशी, नाही टाकलं.

तर अनुपमा मॅडम, बारावी टीप. कोणी शिकव म्हणलं तर त्याच्या हातातून फोन घेऊ नका. हात मांडीखाली दाबून बसा. एका अक्षराले दहा मिनिटं लागू द्या.

अन् तुम्ही वाचणारे, तुमच्या घरात, शेजारी, गावाकडं कोणीतरी एकदा तुम्हाले विचारलं असन, 'हे कसं करतात वं, दाखव न मले.' अन् तुम्ही म्हणले असान, द्या इकडं. किंवा म्हणले असान, रविवारी. तो माणूस आता तुमच्या डोळ्यासमोर आला असन. त्याले मेसेज नका टाकू. जाऊन भेटा. अन् पुढच्या रविवारी नाही, या रविवारी जा.